आधी धुणं, मग भरणं : एका दाढेची गोष्ट

मंडळी, या सदरात आतापर्यंत रक्तदाब, गुडघे, मुलांच्या कॉलेजचा खर्च, मृत्युपत्र असे भारदस्त विषय येऊन गेले. आज मी एका दाढेबद्दल लिहिणार आहे. दाढ माझीच, खालची, डाव्या बाजूची. "दाढेवर कोण दोन पानं वाचणार?" असं संपादकांनी विचारलं. मी त्यांना एकूण बिलाचा आकडा सांगितला. "लिहा, लवकर लिहा," ते म्हणाले.

मी दंतवैद्य नाही, हे आधीच सांगतो. मी रसायनशास्त्राचा माणूस. तीस वर्षं न्यू जर्सीतल्या एका रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. पत्र्याला लावलेला रंग टिकतो की पोपडे धरून निघतो, हे पाहणं एवढंच माझं काम. त्या तीस वर्षांत शिकलेली गोष्ट एका वाक्यात सांगता येते : रंग चांगला की वाईट ते नंतर बघू, आधी पत्रा कसा धुतला ते सांगा. हाच धडा निवृत्तीनंतर स्वतःच्या दाढेत पुन्हा गिरवावा लागेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

दाढेची कहाणी

२०१९ची दिवाळी. चकली कडक झाली होती. चकली घरचीच होती, त्यामुळे याबाबत अधिक काही लिहीत नाही. दाढेत कॉलेजच्या दिवसांत भरलेली चांदी होती. तिच्या कडेने तडा गेला आणि आठवड्याभरात असा ठणका सुरू झाला की रात्री उशीवर डोकं टेकवता येईना. रूट कॅनाल झालं. बिल १,४५० डॉलर. माझ्या दातांच्या विम्याची वर्षाची मर्यादा १,५०० डॉलर. त्यातले ७०० उरले होते, ते कामी आले आणि विमा संपला.

डॉक्टर म्हणाले, "आता तात्पुरतं फिलिंग केलंय. महिन्याभरात कॅप बसवून घ्या." मी मनात हिशेब केला. कॅप १,६०० डॉलर. विमा निम्मे देतो, पण या वर्षी देणार नाही. जानेवारीपर्यंत थांबलं तर ८०० डॉलर वाचतात. थांबलो. जानेवारीत पुण्याला भाच्याचं लग्न निघालं. फेब्रुवारीत परत आलो, म्हटलं मार्चमध्ये बघू. मार्च २०२० मध्ये काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. कोविडमुळे दातांचे दवाखाने तातडीच्या कामापुरतेच उघडे राहिले. कॅप बसली ती ऑगस्टमध्ये. म्हणजे काही आठवड्यांसाठी केलेल्या फिलिंगवर मी नऊ महिने काढले. दुखत नव्हतं, म्हणून वाटलं, काय बिघडलं?

बिघडलेलं कळलं २०२३च्या मे महिन्यात. त्या दाढेखालच्या हिरडीवर मुगाएवढा फोड आला. दुखत नव्हता, पण जात नव्हता. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली. रूट कॅनाल फसलं होतं.

आपल्या मंडळातलीच एक मुलगी एंडोडाँटिस्ट आहे, म्हणजे फक्त रूट कॅनालचंच काम करणारी तज्ज्ञ. मुंबईला बीडीएस करून इथे आली आणि पुढचं शिक्षण इथे घेतलं. तिच्याकडे गेलो. तिने एक्स-रे पाहिला आणि म्हणाली, "काका, दाढ वाचेल असं वाटतंय. पण आतलं सगळं काढून, परत धुऊन, परत भरावं लागेल."

"धुऊन?" मी विचारलं. "कशाने धुतेस?"

तिने नावं सांगितली आणि माझ्यातला निवृत्त केमिस्ट खुर्चीत ताठ बसला.

दाताच्या आत काय असतं

दाताच्या मध्यभागी एक पोकळी असते. तिच्यात नस आणि रक्तवाहिन्या असलेला मऊ गर असतो. ही पोकळी मुळांमधून बारीक नळीसारखी टोकापर्यंत जाते. तीच रूट कॅनाल. कीड किंवा तडा गरापर्यंत पोहोचला की जंतू आत शिरतात आणि गर मरतो. खरा गुन्हेगार जंतूच, हे १९६५ साली अमेरिकेत उंदरांवरच्या एका गाजलेल्या प्रयोगात स्पष्ट दिसलं. संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाताचा गर उघडा पाडला तरी तो जगला आणि वर नवं आवरणही आलं. साध्या उंदरांचा मात्र सडला.

म्हणून उपचार असा : सडलेला गर काढायचा, नळी बारीक कानशींनी घासून रुंद करायची, धुऊन जंतू मारायचे आणि पुन्हा कोणी आत शिरू नये म्हणून ती भरून टाकायची. भरायला गटापर्चा वापरतात. हा मलायाकडच्या झाडांचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांवर वेष्टण म्हणून हाच चढवत असत. पण गटापर्चा दाताला स्वतःहून चिकटत नाही. त्याच्या आणि दाताच्या भिंतीच्या मधली फट भरायला एक पातळ लुकण लागतं. त्याला सीलर म्हणतात. गटापर्चा म्हणजे विटा आणि सीलर म्हणजे सिमेंट, असं समजा. गळती होते ती विटेतून नव्हे, सांध्यातून.

पंक्चरवाल्याचं शास्त्र

लहानपणी सायकलचं पंक्चर काढताना पाहिलंय ना? पंक्चरवाला ट्यूबवर लगेच सोल्युशन लावत नाही. आधी ती जागा कानशीने खरवडतो, भुकटी पुसतो, मग सोल्युशन लावून थोडं सुकू देतो आणि मगच ठिगळ दाबतो. खरवडलेली भुकटी तशीच ठेवली तर ठिगळ भुकटीला चिकटतं, ट्यूबला नाही. दोन दिवसांनी हवा जाते आणि आपण सोल्युशनला नावं ठेवतो.

दातातही हीच गोष्ट. कानस फिरली की नळीच्या भिंतीवर दाताचा भुगा, गराचे अवशेष आणि जंतू यांचा एक लेप बसतो. त्याला स्मीअर लेयर म्हणतात. रूट कॅनालमधल्या या लेपाचं पहिलं वर्णन १९७५ साली झालं. जाडी एक-दोन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा अगदी अल्प अंश. पण मुळाच्या भिंतीत चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नळ्या असतात, त्यांची तोंडं हा लेप बुजवतो. पोळपाटाच्या नक्षीत पीठ सुकून बसावं तसा. त्यावर सीलर लावला तर तो लेपाला चिकटतो, दाताला नाही.

आता हा लेप काढायचा कशाने? दाताच्या डेंटीनमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के कोलॅजेनसारखे सेंद्रिय पदार्थ आणि १० टक्के पाणी असतं. लेपही त्याच मालाचा. त्यामुळे एका द्रावणाने भागत नाही. एक सेंद्रिय भागासाठी लागतं, दुसरं खनिजासाठी.

तीन बाटल्या

पहिली बाटली सोडियम हायपोक्लोराइटची. म्हणजे आपल्या धुलाईखोलीतल्या ब्लीचचं औषधी भावंड. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने आणि अलेक्सी कारेल या फ्रेंच शल्यविशारदाने सैनिकांच्या जखमा धुवायला याचं अर्धा टक्क्याचं द्रावण वापरलं. रूट कॅनालमध्ये अर्ध्यापासून सुमारे सहा टक्क्यांपर्यंत वापरतात. जंतू मारणं आणि मेलेला गर विरघळवणं ही दोन्ही कामं करणारं दुसरं चांगलं द्रावण अजून सापडलेलं नाही. म्हणून त्याचं पहिलं स्थान अढळ आहे.

पण चिकटण्याच्या बाबतीत त्याचे दोन तोटे आहेत. एक म्हणजे ते भिंतीवरचं कोलॅजेनही खातं. दुसरं म्हणजे ते मागे ऑक्सिजन सोडतं आणि काही प्रकारचे रेझिन ऑक्सिजनपाशी नीट घट्ट होत नाहीत. आम्हा रंगवाल्यांना हा त्रास चांगला परिचयाचा. वरचा थर चिकट राहतो, हाताला लागतो. हा दुष्परिणाम उलटवायला ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, किंवा सोडियम थायोसल्फेट वापरून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांत पकड सुधारलेली दिसली.

दुसरी बाटली ईडीटीएची, बहुधा १७ टक्क्यांची. हा रेणू खेकड्याच्या नांगीसारखा कॅल्शियम धरून ठेवतो. कुकरच्या तळाचा पांढरा थर लिंबाने निघतो, तसा स्मीअर लेयरचा खनिज भाग याने निघतो. (लिंबातलं सायट्रिक आम्लही काही जण वापरतात.) १९५७ साली नॉर्वेच्या नीगार्ड-ओस्टबी यांनी ईडीटीए रूट कॅनालमध्ये आणलं. हायपोक्लोराइटने सेंद्रिय भाग गेला आणि ईडीटीएने खनिज गेलं की सूक्ष्म नळ्यांची तोंडं उघडतात आणि सीलर आत शिरून पकड घेतो. पण इथेही अति तेथे माती. साधारण एक मिनिट पुरे होतं. दहा मिनिटं ठेवलं तर भिंतच झिजते.

तिसरी बाटली क्लोरहेक्सिडीनची, अनेकदा दोन टक्क्यांची. जंतू मारतं, त्याचा परिणाम काही काळ टिकतो आणि सीलरच्या पकडीला सहसा बाधा आणत नाही. पण ते गर विरघळवत नाही, म्हणून पहिल्या बाटलीची जागा घेऊ शकत नाही.

एकमेकांशी न पटणारे पाहुणे

आमच्या प्रयोगशाळेत एक पाटी होती : दोन चांगल्या रसायनांचं मिश्रण चांगलंच असेल असं धरू नका. दातातही तेच. हायपोक्लोराइट शिल्लक असताना वर क्लोरहेक्सिडीन घातलं तर तांबूस-तपकिरी साका तयार होतो. तो दात डागाळतो आणि सूक्ष्म नळ्या पुन्हा बुजवतो. म्हणजे मेहनतीने झाडलेल्या अंगणात पुन्हा चिखल. क्लोरहेक्सिडीन आणि ईडीटीए एकत्र आले की दुधासारखा पांढरा साका. हायपोक्लोराइट आणि ईडीटीए एकत्र आले तर साका दिसत नाही, पण क्लोरीनचा जोर ओसरतो आणि जंतू मारण्याची ताकद जाते. म्हणून एका बाटलीनंतर दुसरी वापरण्याआधी मध्ये सलाइन किंवा शुद्ध पाण्याने धुऊन नळी कागदी वातींनी टिपून घेतात. लग्नात एकमेकांशी न बोलणारे दोन मामा असले की मधल्या खुर्चीवर आपण समजूतदार आत्याला बसवतो, तसं.

आणि शेवटचं धुणं कशाचं, हे कोणता सीलर वापरणार त्यावर ठरतं. तिने नेहमीचे प्रकार सांगितले. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातला अर्क, हा जुना आणि विश्वासू प्रकार. पण युजेनॉल रेझिनला घट्ट होऊ देत नाही, म्हणून पुढे त्या दातात रेझिनचं काम असेल तर काळजी घ्यावी लागते. दुसरा एपॉक्सी रेझिनचा. हे ऐकून मी खुर्चीतून उठायचाच बाकी होतो, कारण लोखंडी पुलांच्या प्रायमरमध्ये आम्ही एपॉक्सीच घालत असू! एपॉक्सी कोलॅजेनमधल्या अमिनो गटांशी रासायनिक बंध करू शकतं. म्हणून त्याच्या बाबतीत ईडीटीएने स्मीअर लेयर काढून कोलॅजेन उघडं ठेवलेलं सहसा फायद्याचं ठरतं आणि त्यानंतर पुन्हा भरपूर हायपोक्लोराइट ओतलं तर ते कोलॅजेन जातं. तिसरा बायोसिरॅमिक, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचा, सिमेंटचा चुलत भाऊ. हा भिंतीतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. म्हणून अल्कोहोलने नळी कोरडी ठणठणीत केलेली त्याला चालत नाही आणि ईडीटीए मागे राहिलं तर ते त्याच्याच कॅल्शियमवर हात मारतं.

"मग सगळ्यांत जास्त चिकटणारा सीलर वापर की," मी म्हटलं.

ती हसली. "काका, प्रयोगशाळेतला आकडा आणि तोंडातला दात यांत फरक असतो."

आकडा आणि दात

तिचं म्हणणं मला पटलं. पकड मोजायला काढलेल्या दाताच्या मुळाच्या मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या करतात, मधलं भरण एका दांड्याने ढकलतात आणि ते कधी सुटतं ते मेगापास्कलमध्ये मोजतात. या परीक्षेत कोणतं द्रावण वाईट हे समजतं, पण दात दहा वर्षं टिकेल का हे कळत नाही. २००४ साली रेझिलॉन नावाचं नवं भरण बाजारात आलं. सीलर, भरण आणि दात मिळून एकसंध ठोकळा होईल, असा त्याचा गाजावाजा झाला. काही वर्षांत दिसलं की त्यातलं पॉलिएस्टर शरीरात झिजतं. ते बाजारातून गेलं. जुनापुराणा गटापर्चा अजून आहे.

"माझं पहिलं रूट कॅनाल का फसलं?" मी शेवटी विचारलंच. मनातून मला कोणीतरी दुसरा दोषी हवा होता. मध्ये न धुता दोन द्रावणं एकत्र केली असतील, ईडीटीए वापरलंच नसेल, असं काहीतरी.

तिने मायक्रोस्कोपमधून बराच वेळ पाहिलं. जुना गटापर्चा उष्णतेने आणि कानशींनी काढला. विरघळवणारं द्रव्य अगदी थोडं वापरलं, कारण त्याचा राहिलेला लेपही पकड बिघडवतो. मग म्हणाली, "आत कसं धुतलं होतं ते आता सांगता येणार नाही. पण वरच्या बाजूचा गटापर्चा ओला आणि काळपट आहे. गळती वरून झालेली दिसते. कॅप कधी बसवली होती?"

मी नऊ महिन्यांची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. बोलण्याची गरजही नव्हती. १९९५ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी हजारावर दातांचे एक्स-रे तपासून दाखवून दिलं होतं की आतलं भरण जितकं महत्त्वाचं, तितकंच वरचं झाकणही महत्त्वाचं. उत्तम धुतलेल्या, उत्तम चिकटवलेल्या सीलरवरही महिनोन् महिने लाळ झिरपली तर जंतू वाट काढतात. पत्रा धुऊन, प्रायमर लावून, वरचा रंग न देता तो मी नऊ महिने पावसात ठेवला होता. कारखान्यात कोणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

हिशेब

आता अर्थाची बाजू. पहिलं रूट कॅनाल १,४५०, कॅप १,६००, दुसऱ्यांदा केलेलं रूट कॅनाल १,९०० आणि कॅपला पाडलेलं भोक बुजवायचे २५०. एकूण ५,२०० डॉलर. विम्याने दिले ७००, ८००, ९५० आणि २००, म्हणजे २,६५०. खिशातून गेले २,५५०. कॅप लांबवून मी ८०० डॉलर वाचवले आणि दुसऱ्या खेपेला खिशातून १,००० घातले. वर तीन फेऱ्या आणि महिनाभर एका बाजूने जेवण.

आपल्यापैकी कोणावर ही वेळ आली तर काही गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे दातांच्या बहुतेक विम्यांना वर्षाची मर्यादा असते, अनेकदा १,००० ते २,००० डॉलरच्या दरम्यान. काम डिसेंबर आणि जानेवारीत विभागणं गैर नाही. पण मधल्या काळात तात्पुरतं नव्हे, तर पक्कं फिलिंग करून मागा आणि कॅपची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या. उपचाराआधी विमा कंपनीकडून अंदाजपत्रक मागवता येतं. तेही मागवा.

दुसरी, नोकरीत असाल तर एफएसए किंवा एचएसएचे पैसे रूट कॅनाल आणि कॅपसाठी वापरता येतात. एफएसएचे न वापरलेले पैसे बहुतांशी बुडतात, तेव्हा नोव्हेंबरात शिल्लक बघा. पासष्टी गाठलेल्यांनी लक्षात घ्यावं की मूळ मेडिकेअर नेहमीच्या दंतोपचारांचा खर्च देत नाही.

तिसरी, भारतात जाऊन करून घ्यायचं असेल तर जरूर करा. तिथे उत्तम तज्ज्ञ आहेत आणि खर्च कमी येतो. पण रूट कॅनाल तिथे आणि कॅप "परत आल्यावर बघू" असं करू नका. कॅप बसेपर्यंतचे दिवस हाताशी ठेवून तिकीट काढा आणि एक्स-रे सोबत आणा.

चौथी, डॉक्टरांना नम्रपणे विचारा : रबर डॅम लावणार ना? (दाताभोवती ताणायचा हा रबरी पडदा १८६४ सालापासून आहे. लाळ आत जात नाही आणि ब्लीच घशात जात नाही.) कशाकशाने धुणार, मध्ये सलाइन वापरणार का, आणि त्यानंतर कोणता सीलर? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. माझ्या अनुभवाने सांगतो, उलट त्या चार गोष्टी जास्त सांगतात.

पाचवी, हे वाचून कोणी घरच्या ब्लीचच्या गुळण्या करू नका! डॉक्टरसुद्धा ते बाजूने छिद्र असलेल्या सुईने, जोर न लावता, मुळाच्या टोकाच्या अलीकडेच सोडतात. टोकापलीकडे गेलं तर भयंकर कळ येते आणि तोंड सुजतं.

माझ्या दाढेचं म्हणाल तर हिरडीवरचा फोड दोन आठवड्यांत गेला. २०२४च्या जूनमध्ये पुन्हा एक्स-रे काढला. सावली बरीच लहान झाली होती. "हाड भरतंय, काका," ती म्हणाली, "पण दर वर्षी दाखवायला यायचं." येईन म्हटलं. या वेळी तारीख तिथल्या तिथे घेतली, आणि फराळाची चकली आता मी आधी चहात बुडवतो.